सर्व्हर निवड समिती आणि झेंडूची माळ

कारखान्यात एखादी गोष्ट बिघडली की आधी ती कोणाच्या खात्यात बिघडली हे ठरतं आणि मग ती दुरुस्त होते. दुसरं राहिलं तरी चालतं, पहिलं राहून चालत नाही. त्या वर्षी नाशिकच्या अंबडमधल्या एका ब्लोअर कारखान्यात तक्रारींचा कॉम्प्युटर बिघडला आणि तो जयरामभाऊ विधात्यांच्या खात्यात बिघडला, असं एकमताने ठरलं.

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, मोठ्या पंख्याने द्राक्षबागेवर औषध उडवणारा फवारा. तो बंद पडला की पूर्वी शेतकरी फोन करून शिव्या द्यायचा. जयरामभाऊ शिव्या वगळून उरलेला मजकूर चिठ्ठीवर उतरवायचे, चिठ्ठी खिळ्याला टोचायचे आणि मेकॅनिक वरची चिठ्ठी घेऊन मोटरसायकलला किक मारायचा. पुढे तेजस्विनी नावाच्या कॉम्प्युटर इंजिनिअर बाई कारखान्यात लागल्या. त्यांनी इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि खिळा रद्द केला. आता दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या डीलरने आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तक्रार लिहायची, तिला तिकीट नंबर मिळायचा, मेकॅनिक कुठवर पोचला तेही तिथेच दिसायचं. मोठ्या साहेबांनी पेढे वाटले. पेढे कारखान्याच्या खर्चाने होते, पण वाटले त्यांनी.

उन्हाळाभर सगळं छान चाललं, कारण तक्रारीच नव्हत्या. श्रावणात पावसाची झड लागली, द्राक्षाच्या पानांवर डावणी रोगाचे डाग दिसले आणि तीन तालुक्यांनी एकाच सकाळी ब्लोअर बाहेर काढले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसतं वाळूचं घड्याळ उलटंपालटं व्हायला लागलं. दुपारी दिंडोरीहून पुंजाराम नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"जयरामभाऊ, तुमच्या पडद्यावरचं फिरतंय आन् माझा पंखा फिरत नाय. दोघांची आदलाबदल करता का?"

जयरामभाऊ तीस वर्षं तक्रारी ऐकत आले होते. शिवी त्यांना लागत नसे. पण ही शिवी नव्हती, हा विनोद होता, आणि तो चांगला होता. तो त्यांना लागला.

साहेबांनी तेजस्विनीबाईंना बोलावून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, या सॉफ्टवेअरबरोबर येतो तो सर्व्हर नुसता करून बघण्यापुरता असतो. दारात एकच वॉचमन, आणि तो एका वेळी एकालाच आत सोडतो. आपल्याकडे गर्दी झाली. आता मोठा सर्व्हर बसवावा लागेल. पण सर, त्याबरोबर आतलंही थोडं..."

"म्हणजे दार मोठं करायचं," साहेब म्हणाले. "समिती नेमा."

समितीचे अध्यक्ष म्हणून विधाते नक्की झाले. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत कोणाच्या बाजूने झुकलेलं असणं शक्य नव्हतं. जाता जाता साहेबांनी आणखी एक सांगितलं. "दसऱ्यापर्यंत हे सुरळीत झालं नाही, तर पुण्याला एक कॉल सेंटरवाले आहेत. तक्रारींचं सगळं काम ते घ्यायला तयार आहेत. मग विधाते, तुम्ही लवकर निवृत्ती घ्या. घरी आराम करा."

आराम हा शब्द साहेबांनी बक्षिसासारखा उच्चारला. गेल्या कार्तिकात जयरामभाऊंच्या पत्नी सुमनबाई गेल्या, तेव्हापासून सिडकोतलं घर त्यांना झोपण्यापुरतंच सोसत होतं. रविवारीही ते कारखान्यात येऊन बसत. ओव्हरटाइम मागत नाहीत म्हणून युनियनने त्यांना एकदा समजसुद्धा दिली होती. घरी आराम करायचा म्हणजे सकाळी उठून एक कप चहा करायचा. एका कपाला किती पाणी लागतं हे त्यांना अजून जमलेलं नव्हतं. दर वेळी दोन कप व्हायचा.

समितीची बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे रविराज बँकेत होते आणि बँकेत कॉम्प्युटर होता, म्हणून या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा.

"जयरामभाऊ, विकतचा घ्या," कुंपणावर कोपर टेकवून ते म्हणाले. "फुकटच्या वस्तूची कॉलर धरता येत नाही. विकतचा बिघडला तर निदान भांडायला माणूस मिळतो."

"भांडून तो चालू होतो का?"

"चालू होत नाही. पण आपली चूक नव्हती हे सिद्ध होतं."

हा मुद्दा जयरामभाऊंना पटला. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो पटतोच.

रविराजांच्या बायकोने, छायावहिनींनी, गवारीच्या भाजीची वाटी पुढे केली आणि मत दिलं, "मी कुकर घेताना एकच बघितलं. गल्लीत सगळ्यांकडे कुठला आहे? रिंग गेली तर शेजारून आणता आली पाहिजे. आणि भाऊजी, तुम्ही वाटी परत द्यायची राहिलीय. तीन झाल्या."

त्या आठवड्यात जयरामभाऊंना सर्व्हरबद्दल सलूनवाल्याने, रेशन दुकानदाराने आणि स्मशानभूमीच्या कमिटीवरच्या एका गृहस्थाने सल्ला दिला. या गृहस्थांचा सल्ला असा होता की जे काही घ्याल ते इन्व्हर्टरवर चाललं पाहिजे. जयरामभाऊंना नीट समजला असा हा एकच सल्ला.

समितीपुढे तीन नावं आली. पहिला अपॅची. हा जुना, फुकटचा आणि निम्म्या जगाने वापरलेला. दुसराही फुकटचाच, पण नवा आणि अंगाने हलका. तिसरा, कॉम्प्युटर पुरवणाऱ्याने सुचवलेला, विकतचा. समितीत खरेदी खात्याचे वाल्मीक सोनवणे होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत पेच टाकला.

"फुकटची वस्तू खरेदी कशी करायची? माझ्याकडे तीन दरपत्रकं आल्याशिवाय टाचणीसुद्धा आत येत नाही. शून्य रुपयाचं दरपत्रक मला कोण देणार? आणि दोघांनी शून्य दिलं तर त्यातला स्वस्त कुठला?"

तेजस्विनीबाईंनी पुन्हा एकदा तोंड उघडलं. "सर, तिन्ही चांगले आहेत. दार कुठलंही लावा. आत नळ एकच आहे, अडचण ती आहे. सगळी तिकिटं एकाच फाइलमध्ये राहतात आणि तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. दहा दारं केली तरी माणसं नळाशी येऊन थांबणार. ती फाइल बदलून मोठा डेटाबेस..."

"बाई," सोनवणे म्हणाले, "समितीचं नाव काय आहे?"

"सर्व्हर निवड समिती."

"मग नळ आपल्या विषयात येतो का?"

नळ विषयात येत नव्हता. इतिवृत्तात तसं नोंदवलं गेलं. जयरामभाऊ अध्यक्ष होते, त्यांनी सही केली. त्यांना नळाचं म्हणणं कळलं होतं. सिडकोत राहणाऱ्या माणसाला नळाचं म्हणणं कळतंच. पण अध्यक्षाने विषयाबाहेर जायचं नसतं, असं तिथे प्रत्येकाला वाटत होतं आणि त्यांनाही वाटलं.

शेवटी तिन्ही सर्व्हर पाळीपाळीने लावून बघायचे ठरले. कधी लावायचे, तर पितृपक्षात. त्या पंधरवड्यात खरेदी बंद, ग्राहक नाही, नवं काम नाही, त्यामुळे समितीला सवड होती. पितृपक्षात नवं काही सुरू करावं का, ही शंका निघाली तेव्हा सोनवण्यांनी शास्त्रार्थ केला. चाचणी हे काम नाही, ती चाचणी आहे. सुमनबाईंचं वर्ष पुरं व्हायचं होतं, त्यामुळे जयरामभाऊंना घरी पितरं घालायची नव्हती. बाकीचे भावाकडे-चुलत्याकडे जेवायला जात, आणि हे रिकाम्या खात्यात बसून पडद्याकडे बघत.

अपॅची उत्तम चालला. हलका उत्तम चालला. विकतचाही उत्तम चालला. एकदाही वाळूचं घड्याळ दिसलं नाही. जयरामभाऊंनी अहवालात लिहिलं की तिन्ही सर्व्हर गर्दीला पुरून उरले.

गर्दी कुठली? पितृपक्षात दिंडोरीत कोणी नवी सायकल घरी आणत नाही, तो द्राक्षाची छाटणी कशाला सुरू करेल? छाटणी नाही म्हणजे फवारणी नाही, फवारणी नाही म्हणजे तक्रार नाही. हे समितीतल्या एकूणएक माणसाला लहानपणापासून माहीत होतं. पण ते घरी माहीत होतं, ऑफिसात नव्हतं.

तिन्ही उत्तम निघाल्यामुळे निवड करणं अशक्य झालं. अहवाल साहेबांकडे गेला. साहेबांनी तो न उघडता विचारलं, "पुण्यात काय वापरतात?"

"अपॅची," तेजस्विनीबाई म्हणाल्या.

"मग झालं."

घटस्थापनेच्या दिवशी अपॅची बसला. साहेबांनी पुन्हा पेढे वाटले.

दसऱ्याची या कारखान्याची एक जुनी पद्धत होती. ज्या शेतकऱ्याकडे आपला ब्लोअर, त्याला कारखान्याकडून झेंडूची माळ. खंडेनवमीला डीलरकडे माळांचे क्रेट पोचत. शेतकरी ब्लोअर धुऊन, हळदीकुंकू लावून, पंख्याच्या जाळीवर ती माळ बांधे. या माळा सुरुवातीपासून मखमलाबादहून यायच्या, सुमनबाईंच्या माहेराहून. शेत माहेरचं, झेंडू शेतातला, आणि सुमनबाई आणि त्यांची भावजय लंकाबाई दोघी ओट्यावर बसून माळा ओवत. कारखान्यात याची कुठे नोंद नव्हती. माळा येत असत, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

यंदा जयरामभाऊ मखमलाबादला गेलेच नाहीत. सुमनबाईंच्या दहाव्यानंतर ते त्या वाटेला फिरकले नव्हते. तो ओटा, त्यावरच्या पाट्या आणि एकटी लंकाबाई बघायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी माळांचं काम गुपचूप खरेदी खात्याकडे सरकवलं.

सोनवण्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःच्या आवडीची खरेदी मिळाली. तीन दरपत्रकं आली. तीन नमुने आले. नमुने तपासणी खात्यात गेले आणि तिथल्या यंत्रावर माळांची ताकद मोजण्यात आली. जिंकलेली माळ घेऊन सोनवणे स्वतः जयरामभाऊंच्या टेबलापाशी आले.

"नायलॉनच्या दोऱ्यात ओवलीय. ओढून बघा. ओढा, ओढा. तुटतच नाही!"

जयरामभाऊंनी ओढली. खरंच तुटली नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसरीकडे बघितलं.

खंडेनवमीला सर्व्हरचीही पूजा झाली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून तो बंद ठेवावा असा सोनवण्यांचा आग्रह होता. तेजस्विनीबाईंनी नुसता पडदा बंद केला आणि सर्व्हर झोपला असं जाहीर केलं. त्याच्याही गळ्यात नायलॉनची माळ होती. माळेने मागची हवेची जाळी झाकली जात होती, ती बाईंनी कोणी बघत नसताना बाजूला सारली. नमस्कार मात्र मनापासून केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिन्ही तालुक्यांत पाऊस झाला. छाटलेल्या बागा नुकत्या फुटत होत्या. कोवळ्या फुटीवर पावसाचं पाणी म्हणजे डावणीला आवतण. दोन दिवस औषध पडलं नाही तर बाग हातची गेली. उजाडायच्या आत जो तो ट्रॅक्टरकडे धावला. दसऱ्याची माळ कोणी हाताने उतरवत नाही, ती वाळून आपोआप गळू द्यायची असते. माळ असलेले ब्लोअर तसेच सुरू झाले. आणि सुरू झाले तसे बंद पडले. सगळे.

आठच्या सुमारास अपॅचीने आपलं काम चोख केलं. त्याने सगळी दारं सताड उघडली आणि तिन्ही तालुक्यांना आत घेतलं. आत नळ एकच होता. ज्याला तिकीट नंबर दिसेना त्याने पुन्हा बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं. डीलरच्या दुकानांत शेतकरी काउंटरवर चढले. वाळूचं घड्याळ पुन्हा अवतरलं, आणि फोन वाजायला लागले ते थांबेनात.

साहेब खाली आले. त्यांच्या हातात पुण्याचा फोन नंबर असलेला कागद होता. कागद त्यांनी जयरामभाऊंना दिसेल असा धरला.

जयरामभाऊंनी कारखान्याची जीप काढायला लावली आणि मेकॅनिकला घेऊन ते दिंडोरीला निघाले. उपाय सुचला होता म्हणून नव्हे. साहेबांसमोर उभं राहण्यापेक्षा शेतकऱ्याच्या शिव्या खाणं बरं, म्हणून. पुंजाराम बागेच्या तोंडाशीच उभा होता. ब्लोअरच्या पंख्यातून पिवळे चिंधे लोंबत होते. नायलॉनचा दोरा जाळीतून आत ओढला जाऊन आसाभोवती असा आवळला होता की पंखा हाताने फिरेना.

"बघा, बघा तुमचा अहेर," पुंजाराम म्हणाला. "दरसाल माळ तशीच ठेवून पंखा चालू करतो मी. माळ पटकन तुटायची आन् फुलं उडायची पार त्या बांधापर्यंत. पोरं पाकळ्या झेलायला उभी राहायची. वहिनींची माळ ती. औंदा तुम्ही माळ नाय पाठवली, दावं पाठवलं. बैल बांधायचं!"

जयरामभाऊ पंख्याकडे बघत राहिले. सुमनबाई माळा केळीच्या सोपटात ओवायच्या. वाळलेल्या खोडाचं साल भिजवून त्याचे पट्टे काढायचे, तेच दोऱ्याऐवजी. घरात मोरीशी सोपटाची बादली असायची आणि तिचा वास यायचा म्हणून ते दर वर्षी कुरकुर करायचे. मग एक दिवस बादली नव्हती आणि वासही नव्हता.

मेकॅनिकने हत्यारांची पेटी उघडली. तोवर पुंजारामच्या बायकोने, नवसाबाईने, कमरेचा विळा काढून दोरा दोन जागी कापला होता आणि ती तो सरसर ओढून काढत होती. पंखा सुटला. ट्रॅक्टर सुरू झाला. एवढंच काम होतं. त्याला मेकॅनिक नको होता, तिकीट नको होतं, समिती तर नकोच होती.

पण हे तीन तालुक्यांना सांगायचं कसं? जयरामभाऊ ट्रॅक्टरच्या सीटवर चढले, कारण खाली मोबाइलला रेंज नव्हती.

"तेजस्विनीबाई, सगळ्यांना एक ओळ दाखवता येईल का? तक्रारीचं पान उघडलं की पहिली तीच दिसायला पाहिजे."

"पानच उघडत नाहीये सर. सगळे नळाशी..." बाई मध्येच थांबल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "सर, ओळ साधी असेल तर तिला नळापर्यंत जायची गरज नाही. दारातूनच हातात देऊन परत पाठवता येईल. अपॅची असली पानं हवी तेवढी वाटेल. सांगा, काय लिहू?"

"लिहा. पंख्यात दसऱ्याची माळ अडकली आहे. ट्रॅक्टर बंद करा, विळ्याने दोरा कापून काढा. तक्रार करू नका."

"शेवटचं वाक्य साहेबांना चालेल?"

"'कृपया' लिहा त्याच्या आधी."

तक्रार नोंदवायचं सगळं यंत्र बाजूला ठेवून ती एक ओळ तिन्ही तालुक्यांत गेली. डीलरने ती मोठ्याने वाचावी आणि काउंटरसमोरच्या गर्दीने विळे आणायला पळावं, असं जेवणवेळेपर्यंत चाललं. संध्याकाळी बागांवर औषध पडलेलं होतं, फोन थंडावले होते आणि सर्व्हर शांतपणे रिकामा बसला होता.

चौकशी झालीच. सोनवण्यांनी तपासणी खात्याचा कागद दाखवला. माळ अपेक्षेपेक्षा मजबूत निघाली, यात खरेदी खात्याचा दोष नव्हता. समितीने नोंदवलं की निवडलेला सर्व्हर ऐन गर्दीत उपयोगी पडला आणि दिवसअखेर एकही तक्रार शिल्लक नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कारखान्यात खोटं कोणी बोलत नाही, तशी गरजच पडत नाही.

साहेबांनी फोन केलाच होता, त्यामुळे पुण्याचे कॉल सेंटरवाले पाहणीला आले. टायवाल्या मुलाने लॅपटॉप उघडून विचारलं, "सर, परवाच्या तक्रारी कुठल्या प्रकारात टाकायच्या? इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल?"

"धार्मिक," जयरामभाऊ म्हणाले.

मुलाने यादीत शोधलं. धार्मिक नव्हतं. त्याने साहेबांकडे बघितलं, आणि मग माळेची कथा त्याला पहिल्यापासून सांगावी लागली. ऐकता ऐकता तो हसू दाबत होता. ते साहेबांनी पाहिलं आणि त्याच क्षणी तक्रार विभाग नाशिकमध्येच राहणार हे ठरलं. कारखान्याची अब्रू जायची तर ती अंबडमध्ये जावी, पुण्यात नको. "विधाते," पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "निवृत्तीचं मनात आणू नका. आणि पुढच्या वर्षीसाठी माळ निवड समिती नेमा. अध्यक्ष तुम्हीच."

त्या रविवारी जयरामभाऊ कारखान्यात गेले नाहीत. ते मखमलाबादला गेले. लंकाबाई ओट्यावर बसून बाजारच्या माळा ओवत होत्या. शेजारी सोपटाची बादली होती. तोच वास.

"या दाजी," वर न बघता त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नणंद गेली तसं आमचं दारपण तुम्हाला वर्ज्य झालं. दसऱ्याला निरोपाची वाट बघितली. दोन क्रेट फुलं गाईला घातली."

जयरामभाऊंनी उत्तरं तयार करून आणली होती. त्यांत खरेदी खातं होतं, दरपत्रकं होती. ती बाजूला सारून त्यांनी चपला काढल्या.

"मला ओवायला शिकव," ते म्हणाले.

लंकाबाईंनी आता वर बघितलं. मग सरकून ओट्यावर जागा केली, बादलीतून ओला पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. जयरामभाऊंनी माळ ओवली. फुलं कुठे दाटली होती, कुठे विरळ झाली होती, आणि गाठ तर नटबोल्ट आवळल्यासारखी बसली होती. लंकाबाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"आता वढा."

जयरामभाऊंनी माळेची दोन टोकं धरली आणि ओढली. ती मधोमध तुटली, आणि झेंडू ओट्यावरून अंगणभर घरंगळत गेला.

"जमली," लंकाबाई म्हणाल्या. "वेचा आता फुलं. दुसरी घ्या करायला."